‘काही करता येणार नाही’ म्हटल्यानंतरचं काम

मी मूळची ऑप्टोमेट्रिस्ट. मिरजेकडे एका डोळ्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं नंबर काढले, डोळ्याचं प्रेशर तपासलं, मोतीबिंदूच्या शिबिरांना गाडीत बसून गावोगाव हिंडले. मोतीबिंदूच्या कामात सुख असतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की म्हातारं माणूस लेकीचं तोंड ओळखतं आणि सगळा वॉर्ड हसतो. पण त्याच ओपीडीत दर आठवड्याला असेही पेशंट यायचे, ज्यांच्या केसपेपरवर शेवटी लिहिलेलं असायचं की पडदा खराब झालाय, चष्म्यानं किंवा ऑपरेशननं सुधारणा होणार नाही. चष्म्याचं टेबल माझं, म्हणून तो कागद घेऊन ते माझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, “मग आता आम्ही काय करायचं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शिकायला मी सध्या पुण्यात आहे. या शिक्षणाचं नाव दृष्टी पुनर्वसन. आम्ही आपापसात ‘व्हिजन रिहॅब’ म्हणतो. घरी सांगितलं तेव्हा आत्यानं विचारलं, “म्हणजे अंधशाळेत शिकवणार का तू?” ओळखीच्या बऱ्याच जणांनी हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवावं असं मनात होतं. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या खाणाखुणा बदलल्या आहेत.

आपल्या डोक्यात दोनच कप्पे असतात, दिसणारे आणि आंधळे. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं या दोन्हींच्या मधली असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोघांची व्याख्या दिली आहे. चांगल्या डोळ्याला, चष्मा लावूनही, नजर 3/60 पेक्षा कमी असेल तर अंधत्व. साध्या भाषेत सांगायचं तर चांगल्या नजरेच्या माणसाला जे 60 मीटरवरून दिसतं ते या माणसाला 3 मीटरवरूनही दिसत नाही. त्याच्या वर, 6/18 पर्यंत, अल्पदृष्टी. यात आणखी एक अट असते जी लोकांना माहीतच नसते: नजरेचा घेर. घेर 10 अंशांपेक्षा कमी झाला तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूसही कायद्यानं अंध ठरतो.

हे समजलं की किती गैरसमज सुटतात! रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार घ्या. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेची नजर जात जाते आणि शेवटी मधला एक छोटा झरोका उरतो. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नं होतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत असे आनुवंशिक आजार मुलांमध्ये उतरण्याची शक्यता वाढते, त्यामुळे हे पेशंट मी मिरजेतही बरेच पाहिले होते. अशा मुलाला पेपरमधली बारीक अक्षरं वाचता येतात आणि तोच मुलगा दारातल्या बादलीला अडखळून पडतो. आईबाप म्हणतात धांदरट आहे. मास्तर म्हणतात सोंग करतो, वाचायला बरं दिसतं. त्या मुलाची बाजू घेणारं कुणीच नसतं, कारण तक्त्यावर त्याचा नंबर उत्तम आलेला असतो.

आणि याच्या बरोबर उलट, वयोमानानं मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालेल्या आज्या. त्यांना कडेचं दिसतं, मधलं जातं. ज्या गोष्टीकडे बघावं तीच पुसली जाते. मग मेंदू हळूहळू शिकतो आणि माणूस किंचित बाजूला बघायला लागतं: तुमच्या कानाकडे पाहिलं की तुमचा चेहरा जरा तरी दिसतो. हे कसं करायचं ते आम्ही मुद्दाम शिकवतो, त्याचा सराव घेतो. एका घरी सून मला बाजूला घेऊन म्हणाली, “आत्या हल्ली माझ्याशी बोलताना तोंड फिरवतात.” मी तिला आजींच्या पडद्याचा फोटो दाखवला आणि सांगितलं की त्या तुम्हाला बघायला तोंड फिरवतात. ती कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिली.

अभ्यासक्रमातला पहिला मोठा भाग भिंगांचा. ऑप्टोमेट्रीमुळे गणित मला येत होतं, पण ते माणसाच्या हातात उतरवणं वेगळं. पेपरची अक्षरं वाचायला किती ताकदीचं भिंग लागेल याचा एक जुना आडाखा आहे: नजरेचा अपूर्णांक उलटा करायचा. 6/60 असेल तर साधारण 10 डायॉप्टर (भिंगाची ताकद यात मोजतात), 3/60 असेल तर 20. आणि 20 डायॉप्टरचं भिंग म्हणजे मजकूर भिंगापासून 5 सेंटीमीटरवर धरायचा. चष्म्यात बसवलेलं भिंग असेल तर कागद जवळजवळ नाकाला लागतो. इथेच पेशंट थांबतो. लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, जवळून वाचलं की डोळे जातात. तसं होत नाही, उरलेली नजर वापरल्यानं संपत नाही, हे सांगून पटवायला भिंग निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

भिंगाची ताकद वाढली की त्यातून दिसणारा तुकडा लहान होतो, एका वेळी तीनचार अक्षरं. म्हणून काम भागेल तेवढीच ताकद द्यायची. हात थरथरणाऱ्या माणसाला दांड्याचं भिंग देऊन उपयोग नसतो, त्याला पायांचं भिंग, जे कागदावरच ठेवायचं आणि सरकवत न्यायचं. आणि सगळ्यात स्वस्त भिंग म्हणजे अंतर. टीव्ही तीन मीटरवरून बघणाऱ्यानं खुर्ची एक मीटरवर आणली की चित्र तिप्पट मोठं झालं, फुकट. टेबललॅम्प दोन फुटांवरून एक फुटावर आणला की उजेड चौपट. हे मी पेशंटला सांगते तेव्हा घरचे माझ्याकडे जरा नाराजीनं बघतात. एवढ्या लांबून आले आणि ही बाई खुर्ची सरकवायला सांगते. पण खुर्ची सरकल्यावर आजोबांना स्कोअर वाचता आला की तेच घरचे घरातले बाकीचे दिवे मोजायला लागतात.

तक्ता म्हणजे पांढऱ्यावर काळं अक्षर. जग तसं नसतं. पांढऱ्या कपात दूध, करड्या फरशीवर करडी पायरी, स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि वर ट्यूबलाइटची चमक. म्हणून आम्ही कॉन्ट्रास्टचा वेगळा तक्ता वापरतो, पेली-रॉब्सन नावाचा. त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो, फक्त ती तीन-तीन अक्षरांनी फिकट होत जातात. काही लोक साध्या तक्त्यावर बऱ्यापैकी वाचतात आणि इथे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच थांबतात. मग कळतं की हा माणूस जिन्यावरून का पडला. माझं ठाम मत झालंय की डोळ्यांच्या प्रत्येक ओपीडीत हा तक्ता भिंतीवर हवा.

आता तांदळाची गोष्ट.

एक आजी आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, मधली नजर गेलेली. आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो: तुम्हाला काय करायचंय? मी भिंगांची पेटी उघडूनच बसले होते. पोथी वाचायची असेल, देवाची, किंवा फोनवर नातवाचा फोटो बघायचा असेल. आजी म्हणाल्या, “मला तांदूळ निवडायचेत.” सोबत आलेला मुलगा लगेच बोलला, “आई, आता कुठे खडे असतात? पिशवीतला तांदूळ स्वच्छ येतो, आणि ही आहे की निवडायला.” आजी गप्प झाल्या. आमच्या मॅडमनी मुलाला चहाला पाठवलं आणि आजींना नुसतं विचारलं, “घरात कधीपासून तुम्ही निवडता?” मग ऐकायला मिळालं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरातलं धान्य निवडायचं काम त्यांचं. दुपारी जेवणं झाली की ताट घेऊन दारात बसायचं, शेजारच्या दोघी यायच्या, बोलणं व्हायचं. गेल्या दिवाळीपासून ताट काढून घेतलं आणि दुपारही गेली. शेजारणी येतात, पण आजींच्या हाताला काम नाही म्हणून त्या आत जाऊन पडतात.

आम्ही एक काळा ट्रे घेतला, काठाचा, चमक नसलेला. स्टीलचं ताट बाद, कारण त्याची चकाकीच डोळ्यांवर येते. त्यावर मूठभर तांदूळ, एकाच थरात. दिवा डाव्या बाजूनं, हनुवटीच्या खाली, म्हणजे उजेड दाण्यांवर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. पण खरं काम बोटांचं. आजींनी तर्जनी आणि मधल्या बोटानं दाणे आडवे ओढायला सुरुवात केली, वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी, म्हणजे कुठलीच जागा सुटत नाही. तांदळाचा दाणा बोटाखाली लोळतो. खडा लोळत नाही, अडतो. मॅडमनी मुद्दाम टाकलेले खडे होते. आजींनी पहिला काढला, नखावर घेऊन दाताखाली धरला आणि म्हणाल्या, “हा बघा.” नंतर त्या आमच्याकडे न बघताच काढत गेल्या. काळ्या कडधान्याला पांढरा ट्रे लागतो हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आम्ही सांगायच्या आधी. मुलगा चहा पिऊन आला तेव्हा खडे एका वाटीत होते.

भिंगाची पेटी त्या दिवशी बंदच राहिली. मला या शिक्षणाबद्दल जे सांगायचंय ते बहुतेक एवढंच आहे. ओपीडीत आम्ही डोळा तपासत होतो. इथे माणसाचा दिवस तपासायचा असतो: सकाळी उठल्यापासून कुठे अडतं, कुणाच्या हातात काय होतं आणि ते कुणी काढून घेतलं.

काढून घेणारे वाईट नसतात. प्रेमापोटीच घेतात. सून गॅसजवळ जाऊ देत नाही, मुलगा रस्ता ओलांडू देत नाही, बायको ताटात कालवून देते. वर्षभरात माणूस खुर्चीतला होतो. म्हणून घरच्यांबरोबरचं बोलणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे, आणि सगळ्यात अवघडही. स्वयंपाकघरात शिकवायच्या गोष्टी तशा साध्या असतात. गॅसच्या बटणावर बंद आणि मंद या जागी उठावाची खूण करायची. टिकली लावली तर तेलाच्या हातानं चार दिवसांत निघते. एम-सीलचा थेंब वर्षानुवर्षं टिकतो. काळा चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात. फोडणीला मोहरीच्या तडतडीवर कान. औषधाच्या बाटल्यांना रबर बँड, सकाळच्याला एक, रात्रीच्याला दोन. ताट घड्याळासारखं सांगायचं: भाजी तीनवर, आमटी बारावर, पोळी सहावर. पण यातलं काहीही चालायचं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी डबे हलवायचे नाहीत, हे त्या “दुसऱ्या कुणी”ला पटवावं लागतं.

आणि आम्हालाही शिकावं लागतं. शिकाऊ मुलं-मुली सगळ्यात आधी जे करतात ते म्हणजे मदत. पेशंटचा चमचा घसरला की हात पुढे जातोच. मॅडम म्हणतात, “हात मागे बांधून उभी राहा.” गंमतीनं नाही म्हणत, खरोखर बांधायला लावतात. समोरचा माणूस चाचपतोय, वस्तू त्याच्या बोटापासून वितभर लांब आहे, आणि आपण बघत राहायचं, फक्त विचारल्यावर बोलायचं. ते काही क्षण फार लांब वाटतात. त्यात त्याला वस्तू सापडली तर ती त्याची असते.

आता एक गोष्ट जी प्रत्येकानं ऐकावी असं मला वाटतं, घरात म्हातारं माणूस असो-नसो.

एका दुसऱ्या आजींनी, सगळी तपासणी झाल्यावर, दार लावायला सांगितलं. म्हणाल्या, “पोरी, तुला एक सांगते, घरात सांगू नको. मला पोरं दिसत्यात. बारकी बारकी, रंगीत कापडं घातलेली, रांगेनं जात्यात भिंतीकडनं. बोलत न्हाईत काय. मी जवळ गेली की जात्यात. खरी न्हाईत त्ये मला कळतंय. पण सांगितलं तर येडी म्हणत्याल.” त्यांच्या वस्तीत कुणालातरी असंच झालं होतं आणि घरच्यांनी देवर्षीकडे नेलं होतं. ते पाहून या आजी वर्षभर गप्प होत्या.

याला नाव आहे: शार्ल बोने सिंड्रोम. जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्गअभ्यासकानं 1760 मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. नजर अधू झालेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या आणि डोकं मात्र अगदी शाबूत होतं. डोळ्यांकडून मेंदूला माल येणं कमी झालं की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. ही चित्रं फक्त दिसतात, बोलत नाहीत. आणि ती खरी नाहीत हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. वेड नाही, बाधा नाही. बऱ्याच जणांत काळ जाईल तसं ते कमी होतं. दिवा लावला, डोळ्यांची उघडझाप केली, नजर जलद इकडून तिकडे फिरवली की बऱ्याचदा चित्र जातं. आवाजही ऐकू येत असतील किंवा दिसणारं खरंच वाटत असेल तर मात्र वेगळं काहीतरी आहे, डॉक्टरांकडे जायला हवं.

मी हे सगळं आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हंजे अजून कुणाला व्हतंय?” होतंय, पुष्कळ जणांना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. आता मी हा प्रश्न नजर कमी झालेल्या प्रत्येकाला विचारते, आपणहून, सहज: “काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात, तुम्हाला दिसतात का?” असं विचारलं की लोक सांगतात. मिरजेच्या माझ्या टेबलासमोर बसलेल्यांपैकी कितीजण असे गप्प उठून गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

चालणं शिकवायचा भाग, ओरिएन्टेशन अँड मोबिलिटी, आम्ही नुसतं ‘ओ अँड एम’ म्हणतो, आम्हाला एक सर शिकवतात जे स्वतः जन्मापासून पूर्ण अंध आहेत. हे आवर्जून लिहितेय, कारण या शिक्षणाच्या इतिहासात ते सहज झालेलं नाही. आजची लांब पांढरी काठी आणि ती फिरवायची पद्धत दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी ती बसवली. पुढे 1948 मध्ये शिकागोजवळ हाइन्स इथं सैनिकांसाठी केंद्र निघालं, त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स स्वतः युद्धात अंध झालेले होते. आणि तरीही नंतर, जेव्हा हा विषय विद्यापीठात शिकवला जाऊ लागला, तेव्हा कित्येक वर्षं अंध माणसांना मोबिलिटीचे शिक्षक होण्यासाठी प्रवेशच मिळत नसे. शिष्याला सांभाळायला शिक्षकाला दिसलं पाहिजे, असं कारण द्यायचे. आपल्याकडच्या एका मोठ्या संस्थेची सुरुवातही युद्धातूनच झाली. डेहराडूनची आजची दृष्टिदिव्यांगांची राष्ट्रीय संस्था 1943 मध्ये युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी निघालेल्या वसतिगृहातून वाढली, आणि ते चालवणारे क्लुथा मॅकेन्झी यांचे डोळे पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गेले होते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरवण्यातही पुढे त्यांचा हात होता.

सरांबरोबर पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा ते बोळाच्या तोंडाशी थांबले आणि म्हणाले, “इथं भिंत संपली.” काठी भिंतीला लागलेली नव्हती. भिंतीशेजारून चालताना आवाज बंदिस्त असतो, बोळ आला की मोकळा होतो, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी अंध लोकांनाच वाटायचं की अडथळा आपल्याला चेहऱ्याच्या कातडीवर जाणवतो. 1940 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात प्रयोग झाले. कान बंद केल्यावर माणसं भिंतीवर आदळू लागली, चेहरा झाकल्यावर नाही. कानच ते काम करतात. मी महिनोन्महिने डोळे मिटून त्या बोळापाशी प्रयत्न केला. आता मला कधीकधी कळतं.

काठीची उंची साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत. पकडताना तर्जनी काठीवर सरळ. काठीचं टोक पाऊल पडणाऱ्या बाजूच्या विरुद्ध टेकवायचं: डावं पाऊल पुढे, टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधी तपासून झाली. पुस्तकातली ही पद्धत सपाट फूटपाथसाठी आहे. पुण्यात जिथं रस्ता उकरलेला असतो तिथं सर टोक उचलतच नाहीत, जमिनीवरून सरकवतच नेतात.

रस्ता पाठ करताना खुणा दोन प्रकारच्या, हे मला फार आवडलं. काही खुणा कायमच्या: चढ, ड्रेनेजचं लोखंडी झाकण, कोपऱ्यावरचा लोखंडी फाटक. काही येणाऱ्या-जाणाऱ्या: गिरणीचा पिठाचा वास, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, भेळेची गाडी. वळण कायमच्या खुणेवर घ्यायचं. दुसरी फक्त धीर देते, कारण गिरणी सोमवारी बंद असू शकते. गणेशोत्सव जवळ आला की सरांचे सगळे विद्यार्थी फोन करायला लागतात. मांडवाचे बांबू रोवले जातात, फूटपाथ जातो, ढोल-ताशाच्या सरावात भिंतीचा आवाज ऐकू येत नाही. त्या दिवसांत आम्ही विद्यार्थ्यांचे रस्ते पुन्हा चालून बघतो आणि मंडळाच्या पोरांशी बोलतो. एका मंडळाच्या पोरांनी आमच्यासमोर दोरीवर चिंध्या बांधल्या आणि तिरका आलेला बांबू मागे घेतला. सांगितलं तर लोक ऐकतात.

रस्त्यात अंध माणसाला मदत करायची असेल तर त्याचा हात धरून ओढू नका आणि पाठीवर हात ठेवून ढकलू तर अजिबात नका. आधी विचारा. हो म्हणाला तर तुमचा कोपर पुढे करा. तो कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. तुमचं शरीर वळलं, थांबलं, पायरी चढलं, हे त्याला हातातूनच कळतं. सोडून जाताना सांगून जा, नाहीतर तो हवेशी बोलत राहतो.

आमच्या शिक्षणात डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा तासही असतो, आणि लोकांना तोच भाग ऐकायला आवडतो. मला त्याचं एवढं कौतुक नाही. पट्टी बांधल्यावर जी भीती वाटते ती पहिल्या दिवसाची असते. ती काढता येते हे माहीत असतं, आणि हाताला-कानाला काही सवय नसते. एवढ्यावरून अंधत्व म्हणजे ही भीती असं ठरवलं तर आपण फक्त कीव घेऊन बाहेर येतो. सर ज्या सहजतेनं बसमध्ये चढतात ते पट्टीतून कळत नाही. त्यांच्याबरोबर रोज चालल्यावर कळतं. शिकवणाऱ्यात अंध शिक्षक नसेल तर हा कोर्स अर्धा राहील, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेल मी अजून डोळ्यांनीच वाचते, बोटांनी अडखळत. पाटीवर टोच्यानं लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. मराठी ब्रेलमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते, जशी आपण उच्चारतो तशी. डोळ्यांना ते उलटं वाटतं, पण ब्रेलमधूनच शिकलेल्या मुलांना छापील पद्धत ऐकून हसू येतं.

पैसे ओळखणं शिकवताना मात्र माझा जीव वरखाली होतो. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची उंची एकच, 66 मिलिमीटर. लांबी 142, 146 आणि 150. म्हणजे प्रत्येक पायरीला चार मिलिमीटरचा फरक. काठावरच्या उठावाच्या रेघा नव्या नोटेवर लागतात, वापरून मऊ झालेल्या नोटेवर नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप 2020 पासून आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं. पण मंडईत गर्दीत, एका हातात पिशवी असताना, फोन काढून नोट धरणं किती जणांना जमेल? म्हणून घडी शिकवतो: शंभरची उभी, दोनशेची आडवी, पाचशेची दोनदा. घरी निवांत ओळखून घ्यायच्या, घडी घालून पाकिटात वेगळ्या ठेवायच्या. सुट्टे परत आले की ते वेगळ्या खिशात, घरी जाईपर्यंत.

माझा शेवटचा टप्पा आता सुरू होतोय. हे काम व्यवसाय म्हणून करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परिषदेच्या यादीत मोबिलिटी शिकवणाऱ्यांचा वेगळा प्रकार आहे. या क्षेत्रात यायचा विचार असेल तर फी भरायच्या आधी ज्या संस्थेत जाताय तिचा कोर्स परिषदेनं मान्य केलेला आहे का ते बघाच. नोंदणी झाली की मी परत मिरजेकडे जाणार. एखाद्या दवाखान्यात एक खोली मिळाली तरी पुरे: दोन दिवे, काळा-पांढरा ट्रे, भिंगांची पेटी, एक शेगडी. सांगली, कोल्हापूर, जतपासून पुण्यापर्यंत येणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही.

तोवर, घरात कुणाला ‘आता काही करता येणार नाही’ असं सांगितलं गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारा की लो व्हिजन क्लिनिकला चिठ्ठी द्याल का. पहिल्या भेटीला जाताना जुने सगळे चष्मे न्या, फुटलेलेसुद्धा. औषधांच्या पट्ट्या न्या. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असेल तर तेही. जे वाचायचंय, शिवायचंय, निवडायचंय ती वस्तूच पिशवीत टाका. आणि आम्ही प्रश्न विचारला की उत्तर ज्यांच्या डोळ्यांचं आहे त्यांना देऊ द्या, कितीही वेळ लागला तरी.